सामाजिक आशयाचा हिपहॉप अल्बम : निर्मिती आणि प्रकाशन

वंशभेद, गरिबी, पोलिसी जुलूम, तुरुंग, अमली पदार्थ, शिक्षण, स्त्रियांची अवहेलना अशा प्रश्नांभोवती एकसंधपणे रचलेला रॅप गीतांचा संग्रह. या प्रकाराची घडण मुख्यतः अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत झाली, म्हणून या नोंदीत तिथल्याच परंपरेचा विचार केला आहे. एखाददुसरे जळजळीत गाणे आहे म्हणून अल्बम या प्रकारात बसत नाही. सगळ्या गाण्यांना जोडणारी भूमिका असावी लागते, आणि ती नुसती शब्दांत असून भागत नाही. कोणता जुना आवाज उचलला, गाणी कोणत्या क्रमाने लावली, मुखपृष्ठावर काय छापले, अल्बम कोणत्या दिवशी बाहेर काढला, मालकी कोणाच्या हाती राहिली, या निर्णयांतून ती भूमिका उभी राहते.

पूर्वपीठिका

हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क यांनी तबकड्या वाजवल्या. नाचणारे लोक ज्या तुकड्याची वाट पाहत तो ‘ब्रेक’, म्हणजे फक्त ड्रम आणि तालाचा भाग, त्यांनी एकाच गाण्याच्या दोन प्रती लावून लांबवत नेला. महामार्गासाठी पाडलेली घरे, जाळलेल्या इमारती आणि बेकारी हे सगळे या पार्ट्यांच्या आजूबाजूलाच होते. पण ध्वनिमुद्रित रॅपमध्ये सुरुवातीला ते फारसे आले नाही. १९७९ सालच्या पहिल्या यशस्वी तबकड्या नाचण्यासाठी आणि मौजेसाठी होत्या. राजकीय कविता तालवाद्यांच्या साथीने म्हणण्याची वाट मात्र न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात १९६८ साली स्थापन झालेल्या ‘द लास्ट पोएट्स’ या कविगटाने आणि त्यानंतर कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांनी आधीच पाडून ठेवली होती.

वळण आले ते १९८२च्या उन्हाळ्यात, ‘द मेसेज’ या गाण्याने. तबकडीवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह यांचे असले तरी गाण्याचा मूळ मसुदा शुगर हिल रेकॉर्ड्सच्या स्टुडिओतले वादक एड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी यांचा होता. दिवसभराच्या कटकटी विसरायला आलेल्या माणसाला पुन्हा त्याच कटकटी कशाला ऐकवायच्या, म्हणून गटातल्या बहुतेकांना ते नको होते. कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी आग्रह धरला आणि रॅपचा जवळजवळ सगळा भार गटातले मेली मेल आणि बूटी या दोघांनी उचलला. जन्मलेल्या मुलाचा वस्तीतून तुरुंगापर्यंतचा प्रवास सांगणारे शेवटचे कडवे मेली मेल यांनी १९७९च्या एका जुन्या तबकडीवरही म्हटले होते. तिथे ते पार्टीच्या गजरात विरून गेले. इथे बीट (रॅपखालचा ठेका आणि संगीत) संथ केली, वाद्ये विरळ ठेवली, आणि तेच कडवे अंगावर आले. आशय तोच असून भोवतालचा ध्वनी बदलल्यावर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

ध्वनीची रचना

सबंध अल्बम एका भूमिकेवर उभा करण्याचे काम पब्लिक एनिमी या लाँग आयलंडच्या गटाने केले. जून १९८८मध्ये डेफ जॅम कंपनीतर्फे आलेला त्यांचा दुसरा अल्बम ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ हा या प्रकाराचा मापदंड ठरला. हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि स्वतः रॅपर चक डी अशा निर्मात्यांच्या ‘बाँब स्क्वॉड’ने त्याचा ध्वनी घडवला.

त्यांच्या हाताशी असलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलर यंत्रात, म्हणजे जुन्या तबकडीतला तुकडा (सॅम्पल) उचलून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, सगळे मिळून सुमारे १० सेकंदांचेच ध्वनी साठवता येत. त्या काळचे निर्माते यावर एक युक्ती करत: मिनिटाला सुमारे ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या गतीने फिरवून तो तुकडा यंत्रात घ्यायचा आणि मग आत त्याची गती उतरवायची. जागा वाचे, आणि वर ध्वनीला एक खरखरीत, दाणेदार पोत येई. बाँब स्क्वॉडने असे तुकडे एकावर एक रचले. फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या वादकांच्या ‘द ग्रंट’ (१९७०) या तबकडीतली सॅक्सोफोनची किंकाळी त्यांनी ‘रेबेल विदाउट अ पॉज’ या गाण्यात सायरनसारखी अखंड फिरवत ठेवली. कान सुखावणे हा हेतूच नव्हता. वस्तीतल्या माणसाला सतत जाणवणारा ताण ऐकणाऱ्यालाही जाणवावा, अशी ही बांधणी आहे, आणि चक डी यांचा भारदस्त आवाज त्या गदारोळातून वाट काढत येतो म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो.

‘ब्रिंग द नॉइज’ची सुरुवात कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या भाषणातल्या शब्दांनी होते. गाण्यांच्या मधे लंडनमधील मैफलीतला श्रोत्यांचा जल्लोष पेरला आहे. सुमारे तासाभराचा हा अल्बम कॅसेटच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या भराव्यात अशा हिशेबाने बांधला. त्यात गटातले दुसरे रॅपर फ्लेवर फ्लेव यांचे कामही मोलाचे आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात तशी ते चक डी यांची ओळ उचलतात, मधेच टोकतात, हसवतात. एरवी प्रवचन वाटले असते त्याचा संवाद होतो. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा हाच अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरला.

लेखन, क्रम आणि मुखपृष्ठ

रॅपर आधी बीट ऐकतो आणि तिच्यावर लिहितो, ही सर्वसाधारण पद्धत. दोन-चार बार (तालाची आवर्तने) झाले की यमक कुठे पडते, श्वास कुठे घ्यायचा, हुक (पुन्हापुन्हा येणारे पालुपद) कधी येतो हे पाहिले जाते. सामाजिक विषयात अडचण अशी की माहिती सांगायच्या नादात फ्लो (शब्दांचा लयबद्ध ओघ) मोडतो आणि व्हर्सचे (कडव्याचे) भाषण होते. यशस्वी रॅपर बहुतेक वेळा एखाद्या माणसाच्या तोंडून बोलतात: कैदी, आई, गल्लीत विक्री करणारा मुलगा, पोलीस. गायिका आणि रॅपर लॉरिन हिल यांच्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ (१९९८) या अल्बममध्ये गाण्यांच्या मधे एक वर्ग भरतो आणि मुले प्रेमाविषयी बोलतात. त्यातल्या शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे, जे पुढे नेवार्क शहराचे महापौर झाले. मुलांच्या त्या साध्या उत्तरांमुळे पुढची गाणी उपदेशासारखी वाटत नाहीत. ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ पुरस्कार हिपहॉपला पहिल्यांदा मिळाला तो १९९९ साली, याच अल्बमसाठी. मात्र निर्मितीत सहभागी असलेल्या काही संगीतकारांनी श्रेयनामावलीत योग्य स्थान दिले नाही म्हणून खटला भरला आणि २००१ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. न्यायाची भाषा करणाऱ्या अल्बमच्या श्रेयनामावलीकडे म्हणूनच बारकाईने पाहिले पाहिजे.

क्रमाची ताकद रॅपर केंड्रिक लमार यांच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) इतकी क्वचितच कुणी वापरली असेल. २०१४ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला आणि नेल्सन मंडेला यांना जिथे कैदेत ठेवले होते ते रॉबेन बेट पाहिले. परतल्यावर आधीचे बरेच काम बाजूला पडले. टेरेस मार्टिन, थंडरकॅट, कमासी वॉशिंग्टन, रॉबर्ट ग्लास्पर अशा जॅझच्या मुशीतल्या वादकांना स्टुडिओत आणले गेले. गाण्यांच्या शेवटी एक कविता येते आणि दर वेळी एक-दोन ओळींनी पुढे सरकते. ती पूर्ण झाल्यावर कळते की लमार ती रॅपर तुपाक शकूर यांना ऐकवत होते. तुपाक तर १९९६ सालीच मारले गेले. त्यांची उत्तरे १९९४च्या एका जुन्या मुलाखतीतून घेतली आहेत. यातले ‘आय’ हे गाणे आधी सिंगल म्हणून, म्हणजे सुटे, आले होते, स्वच्छ, आनंदी, रेडिओला शोभेल असे. अल्बममध्ये तेच गाणे मैफलीत चालले आहे असे दाखवले आहे. मधेच गर्दीत भांडण लागते, संगीत थांबते आणि लमार गाणे सोडून लोकांना समजावू लागतात. स्वतःवर प्रेम करा, असे सांगणाऱ्या गाण्याला प्रत्यक्ष वस्तीत काय सोसावे लागते ते या एका बदलातून कळते. मुखपृष्ठावर व्हाइट हाउससमोर जमलेले कृष्णवर्णीय पुरुष आणि मुले आहेत, आणि त्यांच्या पायाशी एक न्यायाधीश पडला आहे.

सॅम्पलच्या परवानग्या

जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरायचा तर दोन परवानग्या लागतात: रचनेच्या हक्कधारकाची आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. तोच भाग वादकांकडून नव्याने वाजवून घेतला तर फक्त रचनेची परवानगी पुरते. म्हणून बरेच निर्माते हा मार्ग धरतात. १९८०च्या दशकात याकडे कुणी फारसे लक्ष देत नव्हते. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात परवानगीविना सॅम्पल वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला. त्याची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधील आज्ञेने होती. त्यानंतर प्रत्येक तुकडा ‘क्लिअर’ करणे, म्हणजे त्याची परवानगी मिळवणे, भाग पडले आणि एका गाण्यात डझनभर सॅम्पल रचण्याची बाँब स्क्वॉडची पद्धत परवडेनाशी झाली. याचा फटका विशेषतः सामाजिक आशयाच्या अल्बमना बसला, कारण जुनी भाषणे, बातम्या, पूर्वजांचे संगीत यांचा हवाला देणे हीच त्यांची मांडणीची रीत होती.

डी ला सोल या गटाचा १९८९चा पहिला अल्बम सॅम्पलांच्या जुन्या करारांच्या गुंत्यात अडकून अनेक वर्षे स्ट्रीमिंगवर येऊच शकला नाही. तो ३ मार्च २०२३ रोजी आला. त्याआधी तीनच आठवडे गटाचे एक संस्थापक डेव्ह जॉलिकूर वारले होते. या व्यवस्थेत दुसरा अन्यायही आहे. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्ड यांचा ड्रम शेकडो रॅप गाण्यांत वाजला, पण रचनेवर त्यांचे नाव नसल्याने त्यांना त्यातून मानधन मिळाले नाही.

कंपन्या, दबाव आणि प्रकाशनाचा दिवस

आक्षेपार्ह शब्दांबाबत पालकांना सावध करणारे काळे-पांढरे लेबल १९९०पासून एकसारख्या रूपात छापले जाऊ लागले. काही मोठ्या दुकानांनी अशा तबकड्या ठेवायचे नाकारल्यामुळे ‘क्लीन’, म्हणजे असे शब्द गाळलेली, आवृत्ती वेगळी काढण्याचा प्रघात पडला. राजकीय दबाव याहून थेट असे. एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसांवरील गाण्याविषयी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्याने १९८९ साली त्यांच्या वितरण कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले. १९९२ साली रॅपर आइस-टी यांच्या रॉक गटाच्या ‘कॉप किलर’ गाण्यावरून वादळ उठल्यावर ते काढणारा वॉर्नर समूह सावध झाला. पॅरिस या रॅपरचा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्यावर कडाडून टीका करणारा अल्बम त्या समूहाशी संबंधित लेबलने (ध्वनिमुद्रण कंपनीने) सोडून दिला आणि तो पॅरिस यांनी स्वतःच्या लेबलवरून काढला. छोटे लेबल, हातोहात विक्री, मोफत डाउनलोड हे मार्ग या प्रकारात इतके का रुजले, याचे उत्तर इथे आहे. पैसा कमी, पण गाणे कुणी अडवत नाही.

तारखेचेही असेच. द कूप या गटाच्या ‘पार्टी म्युझिक’च्या मुखपृष्ठावर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उडताना दाखवले होते, ते चित्र ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याच्या काही महिने आधी तयार झाले होते. भांडवलशाहीवर रोखलेले रूपक एका सकाळीत भलताच अर्थ घेऊन बसले. चित्र बदलून अल्बम नोव्हेंबरमध्ये काढावा लागला. उलट रन द ज्युवेल्स या जोडीने जॉर्ज फ्लॉईड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर रस्ते पेटले असताना आपला चौथा अल्बम दोन दिवस आधी, ३ जून २०२० रोजी, मोफत खुला केला. त्यातल्या ‘श्वास घेता येत नाही’ या शब्दांनी अनेक श्रोते हादरले. ती ओळ फ्लॉईड यांच्या आधीच लिहिलेली होती आणि तिच्यामागे २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या पकडीत मरण पावलेले एरिक गार्नर होते.

आक्षेप

या अल्बमांवरची टीका अस्थानी नाही. १९८९ साली पब्लिक एनिमीच्या प्रोफेसर ग्रिफ यांनी मुलाखतीत ज्यूविरोधी विधाने केली आणि गट फुटण्याच्या बेताला आला. वंशभेदावर तुटून पडणाऱ्या अनेक अल्बममध्ये स्त्रिया आणि समलिंगी लोक यांच्याविषयीची भाषा हीन आहे. तिला उत्तर बाहेरच्या टीकाकारांपेक्षा नेमके दिले ते आतल्या स्त्रियांनी. रॅपर क्वीन लटीफा यांच्या १९८९च्या पहिल्या अल्बममध्ये रॅपर मोनी लव्ह यांच्यासह म्हटलेले ‘लेडीज फर्स्ट’ होते. १९९३च्या ‘युनिटी’ गाण्यात त्यांनी रस्त्यावरची छेडछाड आणि घरातली मारहाण यांना थेट जाब विचारला.

प्रकाशनानंतर

‘द मेसेज’ची नोंद २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीच्या पहिल्याच ५० नोंदींत केली. २०१८ साली केंड्रिक लमार यांच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, शास्त्रीय आणि जॅझ यांच्याबाहेर तो पहिल्यांदाच गेला. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मधल्या ‘ऑलराइट’चा हुक २०१५ साली क्लीव्हलँडमध्ये पोलिसांसमोर जमलेल्या आंदोलकांनी घोषणेसारखा म्हटला आणि नंतर तो देशभरच्या मोर्चांत ऐकू येऊ लागला. न्यायालयांत मात्र उलटेच घडत आले आहे. तिथे सरकारी वकील रॅपच्या ओळी आरोपीचा कबुलीजबाब म्हणून पुढे करतात, जणू पात्राच्या तोंडून बोलण्याची मुभा कादंबरीकाराला आहे आणि रॅपरला नाही. या वापरावर मर्यादा घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२२मध्ये केला: अशा ओळी ज्यूरीसमोर ठेवण्यापूर्वी त्या खरोखर पुरावा आहेत की पूर्वग्रह भडकवणाऱ्या, हे न्यायाधीशाला आधी तपासावे लागते.