रामदरबाराचं ‘कंपनीचं नाणं’

‘1818 साली कंपनी सरकारने काढलेलं रामदरबाराचं अर्ध्या आण्याचं तांब्याचं नाणं, किंमत लाखोंची!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

मुळात ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. तिचा 1835चा तांब्याचा अर्धा आणा असा: एका बाजूला सिंहांसह ढाल, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत किंमत, वजन साधारण 13 ग्रॅम. रामदरबाराच्या काही नगांवर तर 1616 हे साल असतं. तेव्हा इंग्रजांची सुरतेत जेमतेम वखार होती!

हे देवळांबाहेर, जत्रांत विकले जाणारे रामटंके, म्हणजे रामाचं चित्र असलेले नाण्यासारखे धार्मिक टोकन. भिंगातून पाहा: अक्षरं बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेला साच्याची रेघ दिसली, तर तो ओतीव नग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला. टाकसाळीत नाणी ठशाने पाडत. देव्हाऱ्यात जरूर ठेवा, पण तो लाखोंना विकला जाईल या आशेने कुणाला आगाऊ पैसे देऊ नका.