ड्वोरॅक पद्धत

उपग्रहचित्रांतील ढगांची ठेवण आणि ढगमाथ्यांचे तापमान यांवरून टायफूनची (वायव्य पॅसिफिकमधील प्रबळ चक्रीवादळाची) किंवा अन्य उष्णकटिबंधीय चक्रीवादळाची तीव्रता ठरविण्याची पद्धत. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी ती १९७० नंतरच्या काही वर्षांत विकसित केली आणि १९८४ मध्ये अवरक्त (उष्णतेचे प्रारण टिपणाऱ्या) चित्रांसाठी तिचा विस्तार केला. चित्रात वारा दिसत नाही. दिसतो तो ढगांचा आकार, आणि त्यावरून वाऱ्याचे अनुमान बांधावे लागते. वायव्य पॅसिफिकमध्ये १९८७ पर्यंत अमेरिकी टेहळणी विमाने वादळात शिरून दाब मोजत असत. टिप या टायफूनचा ८७० हेक्टोपास्कल हा नीचांक १२ ऑक्टोबर १९७९ रोजी असाच नोंदला गेला. ती उड्डाणे थांबल्यावर तेथे मुख्य भिस्त उपग्रहांवर आली.

विश्लेषक प्रथम वादळाचे केंद्र शोधतो. वादळ कोवळे असताना ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती वळला आहे हे, सर्पिल रेषा काढलेला पारदर्शक कागद चित्रावर ठेवून मोजले जाई. डोळा, म्हणजे वादळाच्या केंद्रातील शांत, निरभ्रप्राय भाग, उघडल्यावर मात्र तापमानातील फरक निर्णायक ठरतो: प्रबळ टायफूनमध्ये डोळ्याभोवतीच्या कड्याचे ढगमाथे उणे ७० अंश सेल्सिअसहूनही थंड असतात, तर डोळ्यातील हवा खाली उतरताना दाबली जाऊन तापलेली असते. हा फरक जितका मोठा आणि कडे जितके सलग, तितका टी-क्रमांक, म्हणजे वादळाच्या तीव्रतेचा या पद्धतीतील अंक, वरचा. हा क्रमांक १ ते ८ असून अर्ध्या-अर्ध्याने वाढतो. ४ म्हणजे सुमारे ६५ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याचा वेग, म्हणजेच टायफूनचा उंबरठा, तर ७ म्हणजे १४० नॉट.

पद्धतीची खरी परीक्षा रात्री होते. खालच्या थरातील ढगांचे तापमान समुद्राच्या तापमानाजवळ असल्याने अवरक्त चित्रात ते समुद्रात मिसळून जातात, आणि रात्रभर एका जागी मानलेले केंद्र पहाटेच्या पहिल्या दृश्य चित्रात दुसरीकडेच सापडते. वरच्या तंतुमेघांच्या आच्छादनाखालचे पाहण्यासाठी सूक्ष्मतरंग संवेदकांचा आधार घेतात. जपानचे हिमावारी उपग्रह दर दहा मिनिटांनी गोलार्धाचे, तर टायफूनच्या परिसराचे अडीच मिनिटांनी चित्र घेतात.

एकाच टायफूनच्या वाऱ्याचे दोन वेग बातम्यांत येतात, ती नेहमी चूक नसते: जपानची हवामान संस्था दहा मिनिटांची सरासरी देते, अमेरिकेचे टायफून इशारा केंद्र एका मिनिटाची. भारतीय हवामान विभागही अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरातील वादळांना टी-क्रमांक देतो; मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्ते वादळाच्या तीव्रतेचा मागोवाही असाच घेतला गेला.