नळीतले आटे आणि अंतराचा अंदाज

स्क्रूला असतात तसेच आटे रायफलच्या नळीतही आतून कोरलेले असतात, आणि एकोणिसाव्या शतकातील नेमबाजाची सारी करामत त्या आट्यांवर उभी होती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी कशीही भरकटते, तर आट्यांमुळे स्वतःभोवती फिरत निघालेली लांबट गोळी भोवऱ्यासारखी स्थिर राहते. अडचण एवढीच होती, की आट्यांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायला फार वेळ लागे. फ्रान्सच्या मिनिए याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली गोळी तयार केली. ती सहज आत सरके आणि दारू पेटताच वायूच्या दाबाने फुगून आट्यांत रुतून बसे.

इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने याच्या पुढची पायरी गाठली. स्क्रूच्या आट्यांना प्रमाणित माप देणारा हाच तो अभियंता. त्याने नळीच षट्कोनी केली आणि तिचा पीळ इतका वाढवला, की गोळी दर २० इंचांत एक पूर्ण फेरी घेई. ब्रिटिश सैन्याच्या तेव्हाच्या एन्फिल्ड रायफलमध्ये त्याच फेरीला ७८ इंच लागत. १८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी सुमारे २७ इंच चुकल्या, व्हिटवर्थच्या जेमतेम साडेचार इंच. तरीही ही रायफल महाग होती, दारूच्या काजळीने लवकर तुंबत असे, आणि ब्रिटिश सैन्याने ती सरसकट स्वीकारली नाही. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने मात्र मोजक्या रायफली मिळवून निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या.

माझ्या मते त्या नेमबाजाची खरी कसोटी हाताच्या स्थिरतेपेक्षा अंतराच्या अंदाजात होती. ८०० यार्ड गाठायला गोळीला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि दोन सेकंदांत गुरुत्वाकर्षण तिला सुमारे २० मीटर खाली ओढते. त्यामुळे नळी तेवढी वर धरावी लागे. अंतर ५० यार्डांनी अधिक धरले, तर गोळी शत्रूच्या डोक्यावरून निघून जाई. माणूस किती उंच दिसतो आणि त्याचा चेहरा ओळखू येतो की नाही, यांवरून नेमबाज अंतर ताडत.

९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेकडचा जनरल सेजविक, वाकून चालणाऱ्या आपल्या सैनिकांना ‘इतक्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही’ असे समजावत असतानाच दक्षिणेकडच्या नेमबाजाची गोळी डाव्या डोळ्याखाली लागून ठार झाला.

अधिकारी टिपणे हे नेमबाजाचे एकच काम नव्हते. उत्तरेकडच्या हायरम बर्डनने १८६१ मध्ये पथके उभारली, तेव्हा २०० यार्डांवरून सलग १० गोळ्या केंद्रापासून सरासरी ५ इंचांच्या आत मारणाऱ्यालाच त्यांत प्रवेश मिळे. हिरव्या गणवेशातील या जवानांनी १८६२ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात तोफा भरायला पुढे येणाऱ्या गोलंदाजांना टिपून त्या तोफांचा मारा थोपवला. पुढे त्यांना मिळालेल्या शार्प्स रायफलमध्ये काडतूस नळीच्या मागच्या बाजूने भरले जाई. व्हिटवर्थ भरताना गज चालवण्यासाठी जी हालचाल करावी लागे ती येथे नव्हती, आणि आडोशामागे पालथा पडलेला नेमबाज न उठता पुढची गोळी भरू शके.