१९९६ चा शब्द आणि जुन्या कार्डांच्या महाग पेट्या

नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोड पट्ट्यात कार्ड खेळणारी मंडळी जमली आणि 'मॅजिक' किंवा 'पोकेमॉन' या जमवून खेळायच्या कार्डखेळांच्या जुन्या सेटची (एकत्र काढलेल्या कार्डसंचाची) खास पेटी निघाली, की पहिला वाद किमतीवरून होतो. एवढे पैसे कशाचे, हे कळायला १९९६ साली 'मॅजिक'च्या निर्मात्यांनी संग्राहकांना दिलेला एक शब्द, म्हणजे वचन, समजून घ्यावा लागतो. सिगारेटच्या पाकिटातली चित्रं, सावंतवाडीची गंजिफा इथपर्यंत मागे जायचा मोह अनेकांना होतो. या प्रकरणाशी त्याचा फारसा संबंध नाही.

'मॅजिक' ऑगस्ट १९९३ मध्ये आला. पहिली छपाई, म्हणजे अल्फा, सुमारे २६ लाख कार्डांची होती आणि ती हातोहात संपली. त्याच डिसेंबरात, खेळाला सहा महिनेही झाले नसताना, संग्राहकांसाठी सगळी कार्डं एकाच पेटीत काढली गेली. कोपरे टोकदार, पाठीला सोनेरी कड, स्पर्धेत वापरायला मनाई. अमेरिकेसाठी १० हजार पेट्या, बाहेरच्यांसाठी आणखी ५ हजार, किंमत ५० डॉलरच्या आत. ही पेटी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटते.

१९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' आला. 'लेजंड्स', 'अरेबियन नाइट्स' अशा आधीच्या सेटांतली दुर्मीळ कार्डं पांढऱ्या कडेने भरमसाट छापली गेली. नव्या खेळाडूंची सोय झाली, पण ज्यांनी तीच कार्डं जपून ठेवली होती किंवा विक्रीसाठी साठवली होती त्यांच्या कार्डांचे भाव कोसळले. ओरड इतकी झाली की १९९६ मध्ये एक यादीच जाहीर करण्यात आली: यातली कार्डं खेळाच्या दृष्टीने जशीच्या तशी पुन्हा कधीही छापणार नाही. 'कधीही' हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे.

यादीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्या शब्दामुळेच दुकानदार आणि संग्राहक टिकले, नाहीतर खेळ दोन-तीन वर्षांत गुंडाळला गेला असता. तेव्हाची परिस्थिती पाहता हे पटतं. पण तीन वर्षं वयाच्या खेळाने पुढच्या सगळ्या पिढ्यांना बांधून ठेवावं, हे पटत नाही. २००२ मध्ये यादी थोडी सैल झाली: सुरुवातीच्या सेटांतली कॉमन आणि अनकॉमन, म्हणजे दुर्मीळ नसलेली, कार्डं वगळली गेली आणि नवीन सेटांतलं काहीही तिच्यात जाणार नाही असं ठरलं. फॉइल, म्हणजे चकचकीत, छपाईला मात्र वाट मोकळी होती. त्या वाटेने यादीतली काही कार्डं फॉइलमध्ये आलीही. पुन्हा आरडाओरडा झाला आणि २०१० मध्ये तीही वाट बंद करण्याचा निर्णय झाला.

पुन्हा छापलं की मूळ वस्तूची किंमत जाते का, हा प्रश्न नाशिकला नवा वाटू नये. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२५ पासून सरकारी छपाई चालते, आणि घरातलं कुणीतरी प्रेसमध्ये होतं अशी कुटुंबं या शहरात जागोजागी सापडतील. तिकिटं जमवणारे पुनर्मुद्रित प्रत वेगळी ओळखतात, वेगळी नोंदवतात आणि मूळ तिकिटाला मूळचाच मान देतात. कार्डांतही तसंच घडलेलं दिसतं. १९९३ च्या त्या टोकदार कोपऱ्यांच्या पेटीतला ब्लॅक लोटस, म्हणजे 'मॅजिक'चं एक दुर्मीळ कार्ड, आज हजारो डॉलरला जातो, आणि तो बाजारात असूनही अल्फाचा एक ब्लॅक लोटस जानेवारी २०२१ च्या लिलावात ५ लाख ११ हजार १०० डॉलरला गेला. भाव 'क्रॉनिकल्स'ने पाडले, वेगळ्या पाठीच्या पेटीने पाडले नाहीत.

हा फरक विकणाऱ्यांच्याही लक्षात होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिसाव्या वर्षानिमित्त खास आवृत्ती जाहीर झाली: १९९३ च्या बीटा सेटमधली (अल्फानंतरच्या छपाईतली) कार्डं, निराळी पाठ, स्पर्धेत अमान्य. पाठ निराळी म्हणून यादीचा शब्द मोडला नाही, असा हिशेब. पण १९९३ मध्ये अख्खा सेट ५० डॉलरच्या आत मिळत होता, आणि इथे ९९९ डॉलरला चार बंद पाकिटं, एकूण ६० कार्डं, त्यांत काय निघेल ते नशिबावर. तेव्हाच्या दराने हे ८० हजार रुपयांच्या वर जातं, म्हणजे एका कार्डाला साडेतेराशेच्या आसपास. २८ नोव्हेंबरला विक्री उघडली आणि तासाभरात बंद झाली. त्याच महिन्यात एका बड्या बँकेच्या विश्लेषकांनी अति छपाईने सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारली जात असल्याचा इशारा देत मालक कंपनीच्या शेअरचं मानांकन खाली आणलं. खेळाडूंनी त्याआधीच प्रिंटर गाठला होता. घरी छापलेली प्रॉक्सी, म्हणजे बदली कार्ड, स्पर्धेत चालत नाही आणि हजार डॉलरची चालत नाही, मग फरक काय, हा त्यांचा सवाल. त्याचं सरळ उत्तर आजवर मिळालेलं नाही.

'पोकेमॉन'ने असा शब्द कधी दिलाच नाही. १९९९ मध्ये इंग्रजीत आलेला बेस सेट लगेच २००० मध्ये पुन्हा निघाला, २०१६ मध्ये त्याच्या धर्तीवर विसाव्या वर्षाचा सेट आला आणि २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षाच्या सेटमध्ये २५ जुनी कार्डं शिक्का मारून दिली. पहिल्या छपाईच्या चॅरिझार्ड या महागड्या कार्डाचं त्याने काही बिघडलं नाही. २०२३ ची क्लासिक पेटी मात्र 'मॅजिक'च्या वाटेने गेली: ६० कार्डांचे तीन डेक (खेळायला तयार गड्डे), घडीचा पट, पाठ वेगळी, स्पर्धेत अमान्य, किंमत ४०० डॉलर. 'यू-गी-ओ' या आणखी एका कार्डखेळाने त्याच वर्षी सुरुवातीचे सेट साध्या पाकिटांत पुन्हा काढले, तेही स्पर्धेत चालणारे. त्यावर वादच झाला नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी.

या पेट्या ज्या बालपणाची आठवण विकतात ते इथलं नव्हे, हे नाशिकच्या गिऱ्हाइकाने ध्यानात घ्यावं. इथे 'पोकेमॉन' २००३ मध्ये टीव्हीवरून आला आणि हातात पडला तो चिप्सच्या पाकिटातल्या टॅझो नावाच्या चकत्यांतून. शाळेबाहेरच्या दुकानांत मिळायची ती कार्डं बहुतेक डुप्लिकेट, पातळ कागदाची, स्पेलिंग चुकलेली. खेळही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांसारखाच: छाती आणि बायसेपच्या जागी एचपी (पात्राची सहनशक्ती), ज्याचा आकडा मोठा त्याने कार्ड न्यायचं. एनर्जी कार्ड कशाला असतं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे क्लासिक पेटी इथे अनेकांसाठी जुन्या खेळाची पहिलीच खरी ओळख ठरते, आणि त्या दृष्टीने पाहिलं तर तीन तयार डेक असलेली ती पेटी चार बंद पाकिटांपेक्षा केव्हाही बरी. फक्त स्पर्धेसाठी म्हणून कुणी घेऊ नये.

'मॅजिक'ची यादी अजून लागू आहे. तिच्यात साडेपाचशेहून जास्त कार्डं आहेत.