ऑनलाइन ज्ञानदानामागील प्रेरणा

आपल्याजवळचे ज्ञान मोबदल्याविना इंटरनेटवर सर्वांसाठी मांडायला माणसे ज्यामुळे प्रवृत्त होतात, ती प्रेरणा. तिचा बारकाईने अभ्यास झाला आहे तो मुख्यतः विकिपीडियावर. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात मानधन नाही आणि लेखाखाली लेखकाचे नावही येत नाही; ते पानाच्या इतिहासात नोंदलेले राहते, आणि तिथे फार थोडे वाचक डोकावतात.

मग लोक का लिहितात? चिनी विकिपीडियाचे उदाहरण यावर मोठा प्रकाश टाकते. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनने मुख्य भूमीवर तो रोखला. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर अशा ठिकाणच्या संपादकांना कोणतीही आडकाठी नव्हती. उलट, लिहिणारे हात कमी झाल्याने त्यांच्यासाठी करण्याजोगे काम वाढलेच होते. तरीही झांग आणि झू या संशोधकांना त्यांचे योगदान सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटलेले आढळले. इतर संपादकांशी संवादात जे अधिक रमत, त्यांच्यात ही घट जास्त होती. विषयाची आवड, फावला वेळ, भाषेचा अभिमान ही कारणे खरीच; पण आपले लिहिणे कुणीतरी वाचत आहे, ही जाणीव त्या सर्वांच्या मुळाशी दिसते.

कौतुकाचे बळही मोठे. ‘बार्नस्टार’ म्हणजे एका संपादकाने दुसऱ्याच्या सदस्य पानावर लावलेले ताऱ्याचे चित्र. त्याची बाजारात किंमत शून्य. रेस्टिव्हो आणि व्हान डी रायट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सर्वाधिक काम करणाऱ्या संपादकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे हे तारे दिले. तारा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम पुढे ६० टक्क्यांनी अधिक भरले. पैशाचे आमिष तेवढे टिकाऊ ठरलेले दिसत नाही: लेखकांना जाहिरातीतला वाटा देऊ करणारा गूगलचा ‘नोल’ हा मंच २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि २०१२ मध्ये बंद पडला.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथे सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ आणि चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. धूळपाटीवर अक्षरे पुसून पुन्हा गिरवता येतात, त्यामुळे चुकण्याची भीती कमी होते. नवख्याचे पहिलेच संपादन कारण न सांगता उलटवले, तर मात्र तो बहुधा परत येत नाही; चर्चा पानावर कुणी दोन ओळींत काय चुकले ते समजावले, तर तेच वाक्य दुरुस्त करून तो पुन्हा लिहितो.