शुभवर्तमानांचा मेळ

मत्तय, मार्क, लूक व योहान या नव्या करारातील चार शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांतांतील, एकाच प्रसंगाची वर्णने शेजारी ठेवून त्यांतील साम्य, फरक आणि परस्परविरोध तपासण्याच्या व जमेल तेथे त्यांची संगती लावण्याच्या ख्रिस्ती अभ्यासपरंपरेला शुभवर्तमानांचा मेळ म्हणतात. या तपासणीतून तयार झालेल्या ग्रंथांनाही हेच नाव आहे. जुन्या करारात ‘शमुवेल’ व ‘राजे’ या पुस्तकांची ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकांशी तुलना अशाच रीतीने होते. तिथले बरेच फरक आकड्यांचे आहेत आणि नकलनवीसाच्या चुकीने त्यांचा उलगडा होतो. यहूदाचा राजा यहोयाखीन राज्यावर आला तेव्हा तो २ राजे २४:८ प्रमाणे अठरा वर्षांचा होता आणि २ इतिहास ३६:९ च्या हिब्रू पाठात आठ वर्षांचा. इथे ‘दहा’ हा शब्द गळाला, एवढे म्हणून पुढे जाता येते. शुभवर्तमानांतले फरक मात्र बहुधा लेखकांच्या मांडणीतूनच आलेले असल्याने तितक्या सहज सुटत नाहीत.

प्रारंभीचे दोन मार्ग : सुमारे १७० मध्ये सिरियातील तातियान याने चारही वृत्तांत कापून-जोडून एकच सलग कथा रचली. ती ‘दियातेस्सारोन’ या नावाने ओळखली जाते. मत्तय व लूक यांच्यातल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या येशूच्या दोन्ही वंशावळी त्याने वगळल्या. सिरियाक भाषिक चर्चमध्ये हे पुस्तक पाचव्या शतकापर्यंत उपासनेत वाचले जाई. पुढे किर्ऱ्हसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या प्रांतातून त्याच्या २०० हून अधिक प्रती गोळा करून हटवल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली.

दुसरा मार्ग अलेक्झांड्रियाच्या अम्मोनियस याने सुरू केला. त्याने मत्तयाचा मजकूर सलग ठेवला आणि इतर तिघांचे जुळणारे तुकडे त्याच्या शेजारी लावले. यात मत्तय शाबूत राहिला, पण बाकीच्या तिघांचा क्रम मोडला. चौथ्या शतकाच्या आरंभी सीझरियाचा युसेबियस याने ही अडचण ओळखली व मजकुराला हातच न लावण्याचे ठरवले. प्रत्येक शुभवर्तमानाचे लहान-लहान खंड पाडून त्याने त्यांना अनुक्रमांक दिले आणि प्रत्येक अंकाखाली लाल शाईने कोष्टकाचा क्रमांक लिहिला. अशी दहा कोष्टके आहेत : पहिल्यात चौघांत आढळणारे खंड, दुसऱ्या ते चौथ्यात तिघांतले, पाचव्या ते नवव्यात दोघांतले आणि दहाव्यात एकट्या लेखकाकडे असलेले. वाचकाने समासातला लाल अंक पाहून त्या कोष्टकात जायचे, तिथून इतरांचे खंड क्रमांक घ्यायचे आणि ती पाने उघडायची. जुन्या हस्तलिखितांच्या आरंभी कमानींच्या चौकटीत सजवलेली जी कोष्टके दिसतात, ती हीच. प्रस्तुत विषयातले हे सर्वांत शहाणपणाचे काम म्हणावे लागेल, कारण त्यात तुलना पूर्ण होते आणि कोणाच्या तोंडी दुसऱ्याचे वाक्य जात नाही.

तपासणीची पद्धत : सर्वप्रथम पाठ, म्हणजे हस्तलिखितांतला मूळ मजकूर, निश्चित करावा लागतो. नकलनवीस स्वतःच मेळ घालत असत. लूक ११:२–४ मधली आखूड प्रार्थना अनेक हस्तलिखितांत मत्तय ६ च्या लांब प्रार्थनेइतकी वाढलेली दिसते. त्यामुळे दोन पाठांपैकी जो इतर शुभवर्तमानांशी कमी जुळतो तो सहसा जुना धरला जातो. मेळ शोधणाऱ्या नवशिक्याला नेमका उलटा पाठ आवडतो, आणि पहिली चूक इथेच होते.

नंतर चार स्तंभ आखून पूर्ण प्रसंग उतरवून घेतात. सुटे वचन घेऊन चालत नाही, कारण फरकाचे कारण पुष्कळदा मागच्या-पुढच्या प्रसंगात असते. शब्दशः सारखे, आशयाने सारखे आणि एकाकडेच असलेले, असे तीन प्रकार वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित केले की चित्र स्पष्ट होते. मग प्रत्येक स्तंभ त्याच्या स्वतःच्या पुस्तकात परत नेऊन वाचायचा : हा प्रसंग लेखकाने इथेच का घातला, त्याने काय गाळले? दोन वर्णने एकाच घटनेची आहेत का, हा प्रश्न त्यानंतरचा. संगती लावणे ही अखेरची पायरी आहे. ती आधी उरकली की उरलेल्या पायऱ्या नुसता उपचार ठरतात.

फरकांचे वजन सारखे नसते. गाळणे म्हणजे नाकारणे नव्हे : यरीहोजवळ येशू आंधळ्याला दृष्टी देतो त्या प्रसंगात मार्क एकाचे, बार्तीमयाचे, नाव घेतो आणि मत्तय दोघे सांगतो, यात विरोध नाही. पण येशू यरीहोतून बाहेर पडताना हे घडले असे मार्क म्हणतो, तर लूक ते गावाजवळ येताना घालतो. तेव्हा जुने यरीहो आणि हेरोदाने वसवलेले यरीहो अशी दोन गावे पुढे केली जातात. ती दोन्ही होती हे खरे, पण लूकाच्या मनात ती होती असे दाखवता येत नाही. संक्षेप हा दुसरा प्रकार. याईराची मुलगी मार्क ५:२३ मध्ये मरणाच्या दारी आहे आणि मेल्याची बातमी वाटेत येते. मत्तय ९:१८ मध्ये बाप आरंभीच ‘आताच मेली’ म्हणतो. मत्तयाने निरोप्याचा भाग काढून कथा आखूड केली, हे त्याच्या एकंदर सवयीशी जुळते. शताधिपतीच्या (शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याच्या) चाकराच्या प्रसंगी लूक वडीलमंडळींना मध्यस्थ म्हणून पाठवतो आणि मत्तय शताधिपतीलाच समोर आणतो, तेही असेच.

वंशावळी : येशूची वंशावळ देताना मत्तय अब्राहामापासून खाली येतो व दावीदानंतर शलमोनाच्या शाखेने योसेफापर्यंत पोहोचतो. लूक योसेफापासून वर चढतो, नाथानाच्या शाखेने दावीदाला गाठतो आणि आदामापर्यंत जातो. दावीद व योसेफ यांच्यामध्ये दोघांत निश्चितपणे जुळणारी नावे शल्तीएल व जरुब्बाबेल एवढीच. योसेफाचा बाप मत्तयाप्रमाणे याकोब, लूकाप्रमाणे एली. तिसऱ्या शतकात जूलियस आफ्रिकानस याने दीराशी विवाहाची रूढी (जुन्या करारातील ‘अनुवाद’ हे पुस्तक, २५:५–१०) वापरून तोड काढली. एकाच आईचे, पण वेगळ्या बापांचे मुलगे याकोब व एली. एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केले. म्हणून योसेफ जन्माने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. तोड नेटकी आहे. मात्र आफ्रिकानस एलीच्या बापाचे नाव मेल्खी देतो आणि आजच्या पाठात मेल्खी आणखी दोन पिढ्या वर आहे. त्याच्यासमोरच्या प्रतीत ती दोन नावे नसावीत. शिवाय शल्तीएलाचा बापही दोन्हींकडे वेगळा असल्याने तिथे हीच रूढी पुन्हा आणावी लागते. लूकाची वंशावळ मरीयेची आहे, हा पंधराव्या शतकानंतर फार चाललेला दुसरा तोडगा. त्याला अडचण एवढीच की लूक तिथे मरीयेचे नावच घेत नाही.

मत्तयाने आपली यादी चौदा-चौदाच्या तीन गटांत बसवली आहे आणि त्यासाठी योराम व उज्जीया यांच्यामधले अहज्या, योआश व अमस्या हे तीन राजे गाळले आहेत. दावीदाच्या नावातील हिब्रू अक्षरांची बेरीज चौदा होते. लेखक काय करतो आहे हे एकदा कळले की दोन्ही याद्या नोंदवहीप्रमाणे जुळवण्याची गरजच उरते का, हा खरा प्रश्न आहे.

शेवटच्या भोजनाची तिथी : वल्हांडण या यहूदी सणाचे कोकरू निसान या यहूदी महिन्याच्या १४ तारखेला दुपारी मारत आणि सूर्यास्तानंतर, म्हणजे यहूदी गणनेने १५ तारीख लागल्यावर, खात. मार्क १४:१२ नुसार शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहान १८:२८ मध्ये मात्र येशूला रोमी सुभेदार पिलाताकडे नेले त्या सकाळी यहूदी पुढाऱ्यांना वल्हांडण अजून खायचे आहे. म्हणजे कोकरे कापली जात असताना येशू मरतो. फ्रेंच विदुषी आनी जोबेर यांनी १९५७ मध्ये दोन दिनदर्शिकांचा तोडगा मांडला : येशूने ३६४ दिवसांच्या सौर पंचांगाप्रमाणे मंगळवारी संध्याकाळी भोजन केले आणि मंदिराच्या पंचांगाचा वल्हांडण नंतर आला. असे पंचांग मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या जुन्या यहूदी ग्रंथांत खरोखर आहे. पण येशू ते पाळत असे याचा पुरावा नाही, आणि कोकरू मारण्याच्या दिवसाचा मार्कचा उल्लेख मंदिराच्या पंचांगाकडेच बोट दाखवतो. योहान १९:३६ मध्ये ‘त्याचे हाड मोडणार नाही’ हे कोकराविषयीच्या नियमाशी (निर्गम १२:४६) जुळणारे वचन येते, त्यामुळे योहानाच्या तिथीमागे धर्मशास्त्रीय हेतू आहे असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. खरी तारीख कोणाची, यावर मात्र एकमत नाही. या वादाला उपासनेतही पाय फुटले : वल्हांडणाच्या भोजनात बेखमीर भाकरच चालते, पण प्रभुभोजनात पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च खमीर घातलेली भाकर वापरते, तर रोमन कॅथलिक चर्च बेखमीर.

वेळेचेही तसेच. मार्क १५:२५ मध्ये तिसऱ्या तासाला (सूर्योदयापासून मोजल्यास सकाळी सुमारे नऊला) येशूला वधस्तंभावर खिळणे. योहान १९:१४ मध्ये सहाव्या तासाच्या (दुपारी बाराच्या) सुमारास येशू अजून पिलातासमोर. योहान मध्यरात्रीपासून तास मोजतो असे म्हणणाऱ्यांना ‘दिवसाचे बारा तास आहेत ना?’ (११:९) हे त्याचेच वचन आड येते. काही नकलनवीसांनी योहानात ‘तिसरा’ असा बदल करून प्रश्नच मिटवला.

फसलेले मेळ : यहूदा इस्कार्योताने गळफास घेतला (मत्तय २७:५) व तो पालथा पडून त्याचे पोट फुटले (प्रेषितांची कृत्ये १:१८), हे ‘दोर तुटला’ म्हणून जोडता येते. पण शेत कोणी विकत घेतले आणि त्याला रक्ताचे शेत का म्हणू लागले, ही कारणे दोन्हीकडे वेगळीच राहतात. काठीचे उदाहरण तर याहून लहान आणि याहून चिवट आहे. येशू शिष्यांना प्रवासाला धाडतो तेव्हा काठी घ्या असे मार्क ६:८ म्हणतो, मत्तय १०:१० व लूक ९:३ नको म्हणतात. मत्तयाने ‘नवी मिळवू नका’ असे म्हटले, हे त्याच्या क्रियापदावरून सांगता येते. लूक मात्र मार्कचेच क्रियापद वापरून मनाई करतो आणि तोडगा तिथे संपतो.

जर्मन सुधारक आंद्रेआस ओझियांडर याने १५३७ मध्ये तपशील वेगळा तर घटना वेगळी, हे सूत्र शेवटपर्यंत ताणले. परिणामी याईराच्या मुलीला एकापेक्षा अधिक वेळा मरून उठावे लागले. १९७६ साली अमेरिकन लेखक हॅरल्ड लिंडसेल यांनी पेत्राने येशूला ओळखत नसल्याचे सांगितले तेव्हा कोंबडा एकदा आरवला की दोनदा, हा पेच सोडवताना पेत्राचे सहा नकार मानले. चारही शुभवर्तमाने तीनच नकार सांगतात. म्हणजे चौघांना वाचवण्यासाठी चौघांनाही खोटे ठरवावे लागले. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन सुमारे ४०० मध्ये याच कामाला बसला तेव्हा बराच मोकळा होता. जखऱ्या या संदेष्ट्याच्या वचनाला मत्तय २७:९ यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याचे नाव देतो. काही प्रतींत ते नाव नाही हे ऑगस्टीनला ठाऊक होते, पण त्याने ती पळवाट घेतली नाही. मत्तयाच्या स्मरणात दुसरे नाव आले आणि पवित्र आत्म्याने ते तसेच राहू दिले, असे त्याने लिहिले. त्याही आधी तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेनने मंदिरशुद्धी (येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले तो प्रसंग) योहानात आरंभी व इतरांत शेवटी का, यावर विचार करून ऐतिहासिक पातळीवर मेळ बसत नाही हे मान्य केले होते आणि अर्थ आध्यात्मिक पातळीवर शोधला.

आधुनिक भूमिका : जर्मन अभ्यासक ग्रीसबाखच्या १७७६ च्या स्तंभवार प्रतीपासून पहिल्या तिघांना एकत्र पाहण्याची रीत पडली आणि कोणी कोणाचे पाहून लिहिले, हा प्रश्न मेळाच्या जागी आला. मार्क आधीचा, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात शुभवर्तमानकारांनी निवड केली, संक्षेप केला व आपल्या मंडळ्यांची स्थिती पाहून मांडणी केली, असे म्हटले आहे. बायबल पूर्णतः निर्दोष मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे १९७८ चे शिकागो निवेदनही विषयवार मांडणी, गोळाबेरीज आकडे आणि मुक्त अवतरणे यांना चूक म्हणत नाही. अंतर वाटते त्याहून कमी आहे.

मराठीत : फादर थॉमस स्टीफन्स यांचे, गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत सलग सांगते, त्यामुळे ते तातियानाच्या वाटेने जाते, पुराण म्हणून ऐकायच्या ग्रंथाला दुसरी वाट सोयीचीही नव्हती. मराठी बायबलवर स्तंभ आखून काम करणाऱ्याने किमान दोन भाषांतरे हाताशी ठेवावीत. काही भाषांतरांत ‘तिसरा तास’ घड्याळाच्या वेळेत बदललेला असतो आणि एकाच ग्रीक शब्दाला दोन ठिकाणी दोन मराठी शब्द आलेले असतात, त्यामुळे मुळात असलेला फरक दिसेनासा होतो किंवा नसलेला दिसू लागतो. काठीच्या उदाहरणात मत्तय व लूक यांची क्रियापदे मराठीत सारखी आली, तर तो वाद मुळात का उभा राहिला हेच कळणार नाही.