सवलत कशाची: यंत्रणा बसवण्याची की चालवण्याची?

महाराष्ट्रात स्वच्छतेसाठी बक्षीस ही कल्पना गाजली ती 2000-01 च्या ग्रामस्वच्छता अभियानात. तेव्हा बक्षीस गावाला मिळे. शहरात घराघरापर्यंत पोचायला पालिकांना मालमत्ता कराच्या बिलात सवलत देणेच सोयीचे वाटले.

पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्या घरांना सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सवलत मिळू लागली. सर्वसाधारण कर हा बिलातला एक भाग, त्यामुळे प्रत्यक्ष सुटणारी रक्कम अनेकांच्या अपेक्षेहून कमी भरते.

खरा वाद वेगळाच आहे. बांधकाम नियमावलीनुसार ठरावीक आकारापुढच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. बिल्डर भोगवटापत्रासाठी, म्हणजे इमारत वापरायला पालिकेची परवानगी मिळावी म्हणून, पाणी मुरवणारा शोषखड्डा खणून देतो, सोसायटी ताबा घेते आणि त्याच खड्ड्याच्या जोरावर वर्षानुवर्षे सवलत घेता येते. कायद्याने करायचेच ते केले, तर त्याचे पैसे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सोसायट्या म्हणतात, गाळ उपसणे, पाइप बदलणे, खताच्या हौदासाठी माणूस ठेवणे हा खर्च आमच्याच खिशातून जातो. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण मग सवलत दरवर्षीच्या चालू स्थितीवर हवी होती. ती बांधली गेली एकदाच मिळणाऱ्या दाखल्याशी. पुढे तपासणीत बंद पडलेले प्रकल्प सापडले, सवलती काढून घेण्याची भाषा सुरू झाली आणि हौद मनापासून चालवणारेही संशयाच्या घेऱ्यात आले. हे टाळता आले असते.

मुंबईत सक्ती आधी आली. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी 2 ऑक्टोबर 2017 पासून ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा, असे ठरले. नोटिसा निघाल्या, मुदती वाढल्या, त्यानंतर करसवलतीचे गाजर पुढे आले. 2018 च्या प्लास्टिकबंदीत बाटलीमागे अनामत ठेवून ती परत देण्याची तरतूद होती. तिच्यात बाटली परत करणाऱ्या भाडेकरूलाही वाटा होता. करसवलतीत तो नाही: कचरा वेगळा करतो भाडेकरू किंवा घरकाम करणारी बाई, आणि कमी होते मालकाचे बिल.

2020 मध्ये राज्य सरकारचे ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान आले. त्यात गुण आणि बक्षिसे पुन्हा स्थानिक संस्थांनाच मिळतात.